अभिप्रायार्थ सादर

ज्यांचे आयुष्य सरकारी कचेऱ्यांत गेले त्यांच्या डोळ्यांखालून काही शब्द इतक्या वेळा गेलेले असतात की त्यांचा अर्थ त्यांना जाणवेनासा होतो. 'अभिप्रायार्थ सादर' हे त्यांपैकीच. नस्ती एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जाते, तिच्याबरोबर जबाबदारीही जाते, आणि पाठविणाऱ्याला त्या रात्री निवांत झोप लागते. नस्तीच्या बाबतीत ही व्यवस्था सोयीची आहे; कदाचित आवश्यकही असेल. परंतु हेच शब्द मी एकदा कवितेच्या वहीवर लिहिलेले पाहिले. त्या वेळी मला त्यांत काही वावगे वाटले नाही.

मध्य प्रदेशातील एका शहरी तेव्हा माझी बदली झालेली होती. तेथील महाराष्ट्र मंडळ जुने, पण मंडळी थोडी. माझ्या ललितलेखांची दोन पुस्तके पुण्यास प्रसिद्ध झालेली असल्यामुळे, वासरांत लंगडी गाय शहाणी या न्यायाने, मला तेथे साहित्यिक म्हणून मान मिळे. गणेशोत्सवातील काव्यवाचनाचे अध्यक्षपद दर वर्षी माझ्याकडे येई, आणि मीही ते फारसे आढेवेढे न घेता स्वीकारीत असे. अशाच एका गणेशोत्सवानंतर लेखा कार्यालयातील एक तरुण लिपिक माझ्या घरी आला. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्याने पिशवीतून एक जाड वही काढली. पहिल्या पानावर, सुवाच्य अक्षरांत, 'अभिप्रायार्थ सविनय सादर' असे लिहिलेले होते. आत त्रेसष्ट कविता होत्या.

ती वही माझ्याकडे दोन महिने पडून राहिली. तो दोनदा येऊन विचारून गेला. तिसऱ्या खेपेस तो बैठकीच्या खोलीत बसलेला असताना मी आत जाऊन दहाबारा पाने उलटली आणि शेवटच्या पानावर लिहिले की या कवितांत प्रतिभेचे स्फुरण आहे, कवीने लिहीत राहावे. खाली सही केली, तारीख घातली. त्याचा चेहरा उजळला. चहा झाला. एक सत्कृत्य केल्याचे समाधान मलाही वाटले, हे लपविण्यात अर्थ नाही.

तीन वर्षांनी, तेथून बदलून गेल्यानंतर, कामानिमित्त मला पुन्हा त्या शहरी जावे लागले. तो विश्रामगृहावर भेटावयास आला. हातात छापील पुस्तक होते आणि त्याच्या मलपृष्ठावर माझे वाक्य, माझ्या नावानिशी. कर्मचाऱ्यांच्या पतपेढीतून चाळीस हजारांचे कर्ज काढून त्याने पाचशे प्रती छापवून घेतल्या होत्या; त्यांतील साडेचारशेच्या वर प्रती घरी दिवाणाखाली होत्या. हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. हप्ते फिटत आले आहेत, असेही तो म्हणाला. निघताना मात्र तो दाराशी थांबला. "सर, एक विचारू? त्या वेळी तुम्हांला यातली कोणती कविता आवडली होती?"

मला उत्तर देता आले नाही.

या प्रसंगाचा विचार करताना प्रथम मला वाटले की माझा अपराध खोट्या स्तुतीचा आहे. पण ते बरोबर नाही. कविता सुमार आहेत हे ठाऊक असताना मी त्यांना चांगले म्हटले असते, तर ती खोटी स्तुती झाली असती. मला तर त्या चांगल्या की वाईट हेच माहीत नव्हते. 'आवडल्या' या शब्दात माझे असत्य नव्हते. 'वाचल्या' या न उच्चारलेल्या शब्दात होते. आणि त्या तरुणाने, कदाचित नकळत, नेमके तेथेच बोट ठेवले. त्याने 'माझी कविता खरोखर चांगली आहे का' असे विचारले नाही. 'कोणती?' एवढेच विचारले.

येथून एक प्रश्न निघतो, आणि तो केवळ माझ्यापुरता नाही. नव्याने लिहू लागलेला मनुष्य आपल्याला प्रिय असलेल्या, मान्यता पावलेल्या लेखकाकडे आपले लेखन घेऊन जातो, तेव्हा त्याला काय मागण्याचा अधिकार असतो? आणि ज्याच्याकडे तो जातो, तो त्याचे काय देणे लागतो? आज यासाठी टपालाची वाट पाहावी लागत नाही. हस्तलिखित भ्रमणध्वनीवरून क्षणात पोहोचते. तथापि मागणाऱ्याच्या मनातील धडधड आणि ज्याच्याकडे मागितले जाते त्याच्या मनातील टाळाटाळ, या दोन्ही गोष्टी पूर्वीइतक्याच जुन्या आहेत.

किती जुन्या, हे पाहावयाचे तर इंग्लंडातील एका धर्मोपदेशकाच्या घरात डोकवावे. यॉर्कशरमधील हॉवर्थ या गावच्या पाद्र्याची मुलगी शार्लट ब्राँटी ही वीस वर्षांची असताना एका शाळेत शिक्षिकेचे काम करीत होती. १८३६ च्या डिसेंबरात तिने राजकवी रॉबर्ट साउदी याला पत्र लिहिले आणि आपल्या काही कविता सोबत पाठविल्या. तिचे ते मूळ पत्र आज उपलब्ध नाही, परंतु साउदीच्या उत्तरावरून एवढे कळते की आपण कवयित्री म्हणून कायमची कीर्ती मिळवावी, ही इच्छा तिने मोकळेपणाने सांगितली होती. साउदी प्रवासात होता. त्याचे उत्तर १८३७ च्या मार्चमध्ये आले. उशिराबद्दल त्याने दिलगिरी व्यक्त केली, तिच्या अंगी पद्यरचनेची शक्ती आहे हे मान्य केले, आणि मग सांगितले की साहित्य हा स्त्रीच्या आयुष्याचा व्यवसाय होऊ शकत नाही आणि होऊही नये.

या एका वाक्यामुळे साउदीची पुढे पुष्कळ निर्भर्त्सना झाली, आणि ती योग्यच होती. परंतु ते पत्र संपूर्ण वाचले तर त्यात आणखी एक सल्ला आढळतो. कविता कवितेसाठीच लिही, चढाओढीसाठी किंवा प्रसिद्धीसाठी लिहू नकोस, असे त्याने तिला सांगितले होते. हा सल्ला त्याच्या दीर्घ अनुभवातून आलेला होता आणि कोणाही नवोदिताला तो उपयोगी पडावा असा आहे. एकाच पत्रात, एकाच प्रामाणिक माणसाच्या हातून, एक गोष्ट इतकी खरी आणि दुसरी इतकी चुकीची कशी लिहिली गेली?

मला याचे उत्तर असे वाटते की शार्लटच्या पत्रात, आणि अशा प्रत्येक पत्रात, दोन मागण्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. 'हे मी लिहिले आहे, ते वाचा' ही पहिली. 'मी कोण आहे ते मला सांगा' ही दुसरी. पहिल्या मागणीला उत्तर देणे ज्याने आयुष्यभर लेखन केले त्याला शक्य असते. तो शब्दांविषयी, रचनेविषयी, लेखनामागील हेतूविषयी काही सांगू शकतो. दुसऱ्या मागणीला उत्तर देण्याची पात्रता कोणाच्याही अंगी नसते. ते देऊ लागताच थोर माणूससुद्धा आपल्या काळाचे, आपल्या वर्गाचे, आपल्या सवयींचे मत दैववाणीसारखे बोलून जातो. साउदी लेखनाविषयी बोलला तेव्हा तो कवी होता. त्या मुलीच्या आयुष्याविषयी बोलला तेव्हा तो १८३७ सालचा एक सद्गृहस्थ होता, एवढेच.

शार्लटने त्याला कृतज्ञतेचे उत्तर लिहिले. साउदीने पुन्हा ममतेने पत्र धाडले आणि कधी आमच्या भागात आलीस तर भेट, असे सुचविले. ते पत्र तिने जपून ठेवले आणि वेष्टनावर, आपल्या एकविसाव्या वाढदिवशी, हा सल्ला कायम जतन करावयाचा, अशी नोंद केली. त्याच घरातील तिचा भाऊ ब्रॅनवेल यानेही त्याच सुमारास, १८३७ च्या जानेवारीत, वर्डस्वर्थला पत्र लिहिले होते. त्याला उत्तर आले नाही. त्या पत्रात वर्डस्वर्थची भडक स्तुती होती आणि इतर कवींची निंदा होती, त्यामुळे तो कवी विटून गेला, असे पुढे साउदीनेच एका पत्रात नमूद केले आहे. बहिणीला कठोर उत्तर मिळाले, भावाला मौन मिळाले. दोहोंत अधिक दुखावणारे कोणते, हे ज्याने कधी टपालवाल्याची वाट पाहिली आहे त्याला सांगावयास नको.

आता कोणी म्हणेल की निवाडा प्रतिकूल होता म्हणून तो अन्यायाचा ठरला. अनुकूल असता तर त्यात काय वाईट होते? या शंकेचे उत्तर अमेरिकेत १८५५ साली घडलेल्या एका प्रकरणात सापडते. वॉल्ट व्हिटमन याने त्या वर्षी 'लीव्ज ऑफ ग्रास' हा बारा कवितांचा लहानसा संग्रह स्वखर्चाने छापला. मुखपृष्ठाच्या आतील पानावर कवीचे नावदेखील नव्हते. एक प्रत त्याने राल्फ वॉल्डो इमर्सन यास पाठविली. इमर्सनने ती वाचली आणि २१ जुलै रोजी एक विलक्षण उदार पत्र लिहून या नव्या कवीच्या थोर कारकिर्दीच्या आरंभाचे स्वागत केले. अनोळखी माणसाच्या पुस्तकाला इतक्या तत्परतेने आणि इतक्या अचूक रसिकतेने दिलेले उत्तर साहित्याच्या इतिहासात विरळाच. निवाडा अनुकूल होता, आणि काळाने तो खराही ठरविला.

परंतु पुढे काय झाले पाहा. ते खाजगी पत्र ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात छापून आले. १८५६ साली दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा त्या पत्रातील एक वाक्य इमर्सनच्या नावासह पुस्तकाच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत उमटले होते. इमर्सनची परवानगी कोणी घेतली नव्हती. आणखी चार वर्षांनी, १८६० साली, बॉस्टन येथे इमर्सनने प्रत्यक्ष भेटीत काही कविता गाळण्याविषयी व्हिटमनला परोपरीने समजावून सांगितले. व्हिटमनने ते ऐकून घेतले आणि एकही कविता गाळली नाही. त्याने तसे केले ते योग्यच केले, असे आज आपण म्हणतो. मग गंमत अशी की त्याने इमर्सनच्या स्तुतीला मोहोरबंद हुंडीसारखे बाजारात चालविले आणि त्याच माणसाच्या विचारपूर्वक मताला मात्र नम्रपणे बाजूला सारले. याचा अर्थ असा होतो की निवाड्याची त्याला लेखनासाठी गरज कधीच नव्हती. गरज होती ती विक्रीसाठी.

माझ्या तरुण मित्राच्या मलपृष्ठावरील वाक्य आणि व्हिटमनच्या पुस्तकाच्या कण्यावरील वाक्य यांत पत्र लिहिणाऱ्याच्या योग्यतेचे जमीनअस्मानाचे अंतर आहे. तरीही दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट घडली. एका माणसाने दुसऱ्या माणसाला एकांतात सांगितलेले मत शिक्का बनले, आणि शिक्का बनताच त्यातील संवाद संपला. अनुकूल निवाड्याचा धोका हा असा आहे. प्रतिकूल निवाडा निदान कोणी मलपृष्ठावर छापीत नाही.

आपल्या वाचकांपैकी अनेकांना जवळचे वाटेल असे तिसरे उदाहरण ऑस्ट्रियातील आहे. १९०२ साली फ्रान्झ झेव्हर काप्पुस नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण वीनर नॉयश्टाट येथील लष्करी विद्यालयात शिकत होता. तो कविता लिहीत असे, आणि आपण निवडलेला पेशा आपल्या प्रकृतीस मानवणार नाही अशी भीती त्याला वाटत होती. एके दिवशी तेथील धर्मोपदेशकाने त्याच्या हातातील पुस्तक पाहून सांगितले की हा कवी रिल्के पूर्वी लष्करी शाळेत आमचाच विद्यार्थी होता. काप्पुसने धीर करून रिल्केला पत्र लिहिले. १९०३ च्या फेब्रुवारीत पॅरिसहून उत्तर आले. त्यानंतर १९०८ पर्यंत एकूण दहा पत्रे आली, आणि रिल्केच्या मृत्यूनंतर, १९२९ साली, काप्पुसने ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. स्वतःची पत्रे त्याने त्यात घातली नाहीत. हा संयम मला व्हिटमनच्या सोनेरी अक्षरांच्या शेजारी ठेवून पाहावासा वाटतो.

रिल्केने पहिल्याच पत्रात परीक्षण करण्याचे नाकारले. या कवितांना अद्याप स्वतःचा चेहरा नाही, एवढे त्याने सांगितले, पण त्यावरून हा मुलगा कवी होईल की नाही याचा निर्णय दिला नाही. तो प्रश्न तू बाहेर विचारतोस हीच चूक आहे. रात्रीच्या अगदी निःशब्द घटकेला तो स्वतःला विचार, अशा आशयाचे ते उत्तर होते. लिहिल्यावाचून आपण जगूच शकणार नाही असे आतून उत्तर आले, तरच पुढे जावे, अशी कसोटी त्याने घालून दिली.

ही कसोटी जगभर गाजली आहे. तिच्याविषयी मला आदर आहे, पण एक आक्षेपही आहे. आपल्यापैकी बहुतेकजण कचेरीतून आल्यावर, मुलांचा अभ्यास आटोपल्यावर, रविवारी सकाळी लिहितात. लेखनावाचून आपण मरू असे त्यांना प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही; बदलीचा हुकूम आला की वर्ष वर्ष त्यांची लेखणी बंद राहते आणि ते व्यवस्थित जगतात. म्हणून त्यांनी लिहूच नये काय? काप्पुस स्वतःदेखील लष्करात अधिकारी झाला आणि पुढे पत्रकार व कादंबरीकार म्हणून जगला. रिल्केच्या मापाने तो मोठा कवी झाला नाही. त्याने लिहिले ते वाया गेले असे म्हणण्याचा अधिकार मला वाटत नाही कोणाला आहे. मरणाची अट घालण्यापेक्षा मी तो प्रश्न जरा खालच्या पट्टीत विचारीन: ज्याच्याकडे मी हे पाठवीत आहे त्याचे उत्तर कधीच आले नाही, तर उद्या सकाळी मी पुढची ओळ लिहीन काय? 'होय' असे उत्तर असेल तर पत्र खुशाल पाठवावे. 'नाही' असे असेल, तर पत्र पाठविणारा समोरच्या माणसाकडून आपल्याऐवजी निर्णय करून घेऊ पाहत आहे. नस्ती वर सरकविली जात आहे.

आम्ही महाराष्ट्राबाहेर राहणारे लोक या बाबतीत विशेष दुबळे असतो, हेही कबूल केले पाहिजे. पुण्यामुंबईच्या तरुणाला साहित्यिक मंडळी सभेत दिसतात, ग्रंथालयात भेटतात, रस्त्यात भाजी घेताना आढळतात. माणूस म्हणून ती केवढी असतात हे त्याला कळते. आमच्याकडे ती पोहोचतात ती दिवाळी अंकांतून आणि वर्षाकाठी एखाद्या व्याख्यानमालेतून, तीही हारतुऱ्यांसह. मग अंतरामुळे त्यांची उंची वाढते. घरात मराठी, कचेरीत हिंदी, बाजारात आणखी एखादी बोली अशा जगण्यात आपले मराठी शुद्ध आहे की नाही याचीच मनात धास्ती. तेव्हा लिहिणाऱ्याला केवळ रसिकाची नव्हे, तर परवान्याची भूक लागते. माझ्याकडे वही घेऊन आलेल्या तरुणाला माझ्यासारख्या दुय्यम लेखकाची सही एवढी मोलाची वाटली, त्याचे कारण हेच असले पाहिजे. आणि ते कारण मला ठाऊक असूनही मी ती सही इतक्या स्वस्तात दिली.

मग वडील लेखकाने द्यावयाचे काय? याचे उत्तर आपल्याच साहित्याच्या इतिहासात आहे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या मुलाला अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी 'बालकवी' ही पदवी दिली, ही गोष्ट प्रत्येक मराठी शाळकरी मुलाला माहीत आहे. हा झाला जाहीर निवाडा, आणि तो खरा ठरला. परंतु रेव्हरंड टिळकांनी त्या मुलाला जे दिले ते निराळे होते. त्यांनी त्याला नगरच्या आपल्या घरात ठेवून घेतले. त्या घरातील ठोंबऱ्यांचा वावर लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त वाचावा. तेथे कोणी गुरुपदाच्या चौरंगावर बसलेले दिसत नाही. एक कवी, त्याची पत्नी आणि घरचाच होऊन गेलेला एक लहरी, हळवा मुलगा दिसतो. पदवी एका दिवसात देता आली. घर मात्र रोज द्यावे लागले. बालकवी १९१८ साली अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेले, आणि त्या अल्प आयुष्यात त्यांच्या वाट्याला जे आपलेपण आले त्यात टिळकांच्या चुलीचा वाटा पदवीहून लहान नसावा.

प्रत्येकाने प्रत्येक नवोदिताला घरात ठेवून घ्यावे असे मी म्हणत नाही. तसे करू लागलो तर घरधनिणीच्या सहनशीलतेचा प्रश्न आधी उभा राहील. परंतु जे टिळकांनी पूर्ण मापाने दिले त्याचा लहानसा अंश प्रत्येकाला देता येतो. तो म्हणजे लक्ष. एखाद्याची एक कविता दोनदा वाचणे, तिच्यातील कोणत्या ओळीवर आपण थांबलो आणि कोणत्या ओळीवरून घसरलो हे त्याला सांगणे, आणि वेळ नसेल तर 'मला वेळ नाही, मी वाचलेले नाही' असे चार शब्दांचे सरळ उत्तर पाठविणे. हे शेवटचे उत्तर कठोर वाटते, पण त्यात फसवणूक नाही, आणि घेणाऱ्याच्या हातून कर्ज काढविण्याची शक्ती त्यात नाही.

आणि नवोदिताने मागावे काय? यासाठी पुन्हा हॉवर्थच्या त्या घराकडे वळू. साउदीच्या पत्राला दहा वर्षे उलटली. शार्लट आणि तिच्या दोन बहिणी यांनी १८४६ साली पुरुषी वाटणाऱ्या टोपणनावांनी आपल्या कवितांचे पुस्तक स्वखर्चाने छापले. वर्षभरात त्याच्या दोन प्रती खपल्या. दोनशे नव्हे, दोन. १८४७ च्या जूनमध्ये शार्लटने करर बेल या नावाने काही नामवंत लेखकांना पत्रे लिहिली; त्यांत टेनिसन होता, डी क्विन्सी होता. ही पत्रे उपलब्ध आहेत. पुस्तक खपले नाही हे तिने त्यांत हसत हसत सांगितले आहे, आणि उरलेल्या प्रती ट्रंका बनविणाऱ्यांच्या हवाली करण्यापूर्वी काही भेट म्हणून वाटण्याचे ठरविले आहे असे कळविले आहे. आपल्या ग्रंथांपासून आम्हांला दीर्घकाळ जो आनंद आणि लाभ झाला त्याची ही पोच म्हणून एक प्रत स्वीकारावी, एवढीच विनंती.

तिने अभिप्राय मागितला नाही. शिफारस मागितली नाही. उत्तराचीही अपेक्षा दर्शविली नाही. पहिल्या पत्रातील वीस वर्षांची मुलगी आणि या पत्रातील एकतीस वर्षांची स्त्री यांच्यामध्ये जे अंतर पडले आहे ते यशाने पडलेले नाही, कारण यश अद्याप आलेच नव्हते. 'जेन आयर' त्याच वर्षी ऑक्टोबरात प्रसिद्ध व्हावयाची होती. मधल्या काळात तिने लिहिले होते, एवढेच काय ते झाले होते. पहिल्या वेळी ती याचक म्हणून गेली. दुसऱ्या वेळी ऋणको म्हणून, ऋण फेडावयास. याचकाला दाराबाहेर उभे राहावे लागते. ऋण फेडावयास आलेल्या माणसाला, तो कितीही लहान असो, बसा म्हणावे लागते.

आपल्या आवडत्या लेखकाकडे जाण्याचा खरा मार्ग मला हाच वाटतो. त्याच्या कोणत्या पुस्तकाने आपल्याला कोठे हलविले हे त्याला सांगावे, कारण ते त्याचे देणे आहे आणि ते त्याला क्वचितच मिळते. मग, वाटलेच तर, आपले लेखन त्याच्यासमोर ठेवावे, दोन माणसे एका वाटेवर भेटली असता शिदोरी सोडतात तसे. त्याने घास घेतला तर आनंद. न घेतला तर शिदोरी आपलीच आहे, आणि वाटही.

माझ्या तरुण मित्राने पुस्तक माझ्या खोलीत ठेवले होते. तो गेल्यावर मी दार लावले आणि तीन वर्षांपूर्वी जे करावयास हवे होते ते त्या रात्री केले. त्रेसष्टपैकी बहुतेक कविता उसन्या आवाजाच्या होत्या. त्यांत मला ओळखीचे तीन कवी भेटले. चार कवितांत मात्र तो स्वतः होता. त्यांतील एका कवितेत बदलीचे सामान भरलेल्या मालमोटारीत आई तुळशीची कुंडी मांडीवर घेऊन बसते आणि दर फाटकाशी तिच्यावर पदर धरते, एवढेच होते. ती वाचून मी बराच वेळ पुढचे पान उलटले नाही. माझे बालपणही अशाच मालमोटारींच्या मागोमाग गेलेले आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्याला पत्र लिहिले. आधी कबुली दिली की तेव्हा मी वही वाचलेली नव्हती, आणि मलपृष्ठावरचे माझे वाक्य त्याने खोडून टाकावे. मग त्या चार कवितांविषयी लिहिले, ओळीओळींनिशी. तुळशीच्या कवितेचे शेवटचे कडवे उपदेशाचे आहे, ते गाळावे, असे सुचविले. तो कवी आहे की नाही, याविषयी मी एक अक्षरही लिहिले नाही. ते माझ्याकडे ठरविण्यासारखे काम नव्हते.

महिनाभर उत्तर आले नाही, आणि ते येण्याची अपेक्षा करण्याचा अधिकार मी गमावलेला होता. मग एक पाकीट आले. माझ्या कबुलीविषयी त्याने दोनच ओळी लिहिल्या होत्या, आणि त्या मी येथे देणार नाही. त्या त्याच्या आहेत. बाकीचे सारे पत्र तुळशीच्या कवितेविषयी होते. शेवटचे कडवे आईच्या तोंडचे आहे, ती तसेच बोलत असे, तेव्हा सर काहीही म्हणोत, ते कडवे आपण ठेवणार, असे त्याने स्पष्ट कळविले होते.

मी ते कडवे पुन्हा वाचले. माझे मत बदललेले नाही. त्याचेही बदललेले नाही. गेली दोन वर्षे आमचा पत्रव्यवहार चालू आहे.